राणीला कुणी विचारत नाही

फाल्गुन संपत आला होता. मेढ्याच्या अलीकडच्या एका गावात, मैत्रिणीच्या माहेरी, आम्ही पडवीत चहा घेत बसलो होतो. मागच्या परड्यातून तिच्या वहिनीची हाक आली, "अवो, इकडं या बघू जरा." जाऊन पाहतो तर आंब्याच्या खालच्या फांदीला शहाळ्याएवढा एक तपकिरी गोळा लटकलेला. वहिनी कपडे वाळत घालायला आल्या तेव्हा तिथे काही नव्हतं. बादली रिकामी होईपर्यंत हा गोळा हजर. तो सगळा माश्यांचा होता. काहींनी फांदी धरलेली, त्यांच्या पायांना दुसऱ्या लोंबकळलेल्या, त्यांना तिसऱ्या. आतून सारखी सळसळ, पण गोळा जागचा हलत नव्हता.

शेजारच्या अण्णांनी काठीला चिंध्या गुंडाळायला घेतल्या होत्या आणि त्यांचा नातू डिझेलची बाटली घेऊन उभा होता. वहिनींनी दोघांना थोपवून धरलं आणि वरच्या वाडीतल्या मधपाळ काकांना फोन लावला. काका आले ते वेताची टोपली घेऊनच. टोपलीला आतून मेण चोळलेलं. "अण्णा, ती काठी ठेवा तिकडं," ते म्हणाले. "सातेरी हाय ही. घर सोडताना पोटभर मध पिऊन निघत्यात. आत्ता कुणाला काय करायच्या न्हाईत."

"मग इथे थांबल्यात कशाला?" मी विचारलं.

"घर कुठलं घ्यायचं ते ठरंना, ताई. ठरलं की उठतील."

त्यांनी गोळ्याच्या पाठीवर बोट दाखवलं. एक माशी पोट थरथरवत दोन बोटं सरळ धावत होती, वळून मागे येत होती आणि पुन्हा तीच रेघ ओढत होती. दोघी-तिघी तिच्या शेपटाला लागल्यासारख्या मागे. वीतभर अंतरावर आणखी एक नाचणारी, पण तिची रेघ भलतीकडे. काकांनी महाबळेश्वरला मधमाशीपालनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं, त्यामुळे हे नाच त्यांना वाचता येत होते. "ही म्हणती ओढ्याकडं चला, ती म्हणती देवळाच्या अंगाला."

"शेवटी राणी म्हणंल तसंच व्हायचं," अण्णा म्हणाले.

काका हसले. "राणीला कोण विचारतंय?"

*

अण्णांची यात काही चूक नाही. नावातच राज्य असल्यावर हुकूमही तिचाच असणार, असं कुणालाही वाटेल. अ‍ॅरिस्टॉटल तर तिला राणीही म्हणत नव्हता, राजा म्हणत होता. युरोपात ही समजूत कित्येक शतकं टिकली. चार्ल्स बटलर या इंग्रज धर्मोपदेशकाने १६०९ मध्ये मधमाश्यांवर पुस्तक लिहून हे राज्य बायकांचं आहे असं ठणकावलं, तरी राज्य हा शब्द त्यालाही सोडवला नाही. खरं तर राणी अंडी घालते आणि आपल्या गंधाने वसाहत एकत्र ठेवते. एवढंच तिचं काम. पोळं फुटतं तेव्हा जुनी राणी निम्म्याहून जास्त कामकरी माश्यांबरोबर बाहेर पडते आणि जुनं घर नव्या राणीला राहतं. बाहेर पडलेली राणी गोळ्याच्या पोटात गपगार बसलेली असते. जागा बघायला ती जात नाही, नाच बघत नाही, पसंती सांगत नाही. तिला फक्त न्यायचं असतं.

मग ठरवतं कोण? या प्रश्नाचं पहिलं खरं उत्तर मिळालं ते बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या म्युनिक शहरात.

मार्टिन लिंडाउअर हा १९१८ साली जन्मलेला बव्हेरियन तरुण. रशियाच्या आघाडीवर जखमी होऊन परतला आणि म्युनिकमध्ये कार्ल फॉन फ्रिश यांच्या व्याख्यानाला जाऊन बसला. फॉन फ्रिश म्हणजे मधमाशीच्या नाचाची लिपी लावणारा माणूस. पुढे १९७३ चं नोबेल त्यांना कोनराड लोरेंझ आणि निको टिनबर्गन यांच्यासोबत मिळालं. युद्धाच्या काळात त्यांच्या रक्तातला ज्यू अंश नाझींनी शोधून काढला होता आणि नोकरी जायची वेळ आली होती. मधमाश्यांच्या वसाहती रोगाने पटापट मरत होत्या आणि त्यावर काम करायला माणूस हवा होता, म्हणून ते वाचले. माश्यांनी त्यांना तारलं म्हटलं तरी चालेल. युद्धातून आलेला लिंडाउअर त्यांचा विद्यार्थी झाला तो कायमचा.

फॉन फ्रिश यांनी उलगडलेला नाच अन्नाचा होता. फुलोरा सापडलेली माशी पोळ्यावर येऊन नाचते. थरथरत ओढलेल्या रेघेचा उभ्या रेषेशी जो कोन, तोच बाहेर सूर्याशी फुलांचा कोन. रेघ जितका वेळ चालेल तितकं अंतर लांब. १९४९ च्या वसंतात लिंडाउअरला संस्थेच्या आवारात झुडपावर लटकलेला थवा दिसला आणि त्यावर नाचणाऱ्या माश्याही. पण या माश्यांच्या पायांवर परागाचा गोळा नव्हता आणि कुणाला मकरंद देण्याघेण्याची गडबडही नव्हती. त्याने चिमट्याने धरून पाहिलं तर कुणाच्या अंगावर काजळी, कुणाच्या अंगावर विटांची लाल भुकटी, कुणाच्या अंगावर माती. फुलावर जाणारी माशी काजळीने कशाला माखेल? पडक्या शहरातली धुराडी, भिंतींतली भोकं, जमिनीतली बिळं बघून आलेल्या या माश्या होत्या. त्या घरं शोधत होत्या.

पुढची काही वर्षं लिंडाउअर सकाळपासून संध्याकाळपर्यंत थव्यांपुढे खुर्ची टाकून बसला. नवी नाचणारी दिसली की तिच्यावर रंगाचा ठिपका द्यायचा, तिची रेघ मोजायची, नकाशावर जागा काढायची. सुरुवातीला जागा अनेक असायच्या. तासांमागून तास, कधी दिवसांमागून दिवस जायचे आणि एकेका जागेचे नाच विझत जायचे. शेवटी सगळ्या नाचणाऱ्या एकच जागा सांगू लागल्या की थवा उडायचा. लिंडाउअर खालून म्युनिकच्या रस्त्यांवरून धावायचा आणि नकाशावर काढून ठेवलेल्या जागीच माश्या शिरताना बघायचा. १९५५ मध्ये त्याने हे सगळं छापलं. एका थव्याची हकिगत मात्र चटका लावणारी आहे. दोन जागांचे पाठीराखे तुल्यबळ राहिले, कुणीच माघार घेईना. तशातच थवा हवेत उठला आणि हवेतच फाटला. या ओढाताणीत राणी हरवली.

*

लिंडाउअरने काय घडतं ते सांगितलं. कसं घडतं, हे शोधायला अमेरिकेतले थॉमस सीली यांनी आयुष्याची चाळीसेक वर्षं दिली. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात त्यांचं काम चाले. हार्वर्डला शिकत असतानाच त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: माशीला कसलं घर आवडतं? मधमाशी-तज्ज्ञ रॉजर मोर्स यांच्यासोबत त्यांनी जंगली माश्यांची २१ झाडं पाडून, ढोल्या उभ्या चिरून मोजल्या. मग वेगवेगळ्या मापांची लाकडी खोकी झाडांवर टांगून बसले. माशीची पसंती आपल्या वाडवडिलांच्या जागा बघण्याइतकीच काटेकोर निघाली. आतली जागा ४० लिटरच्या आसपास हवी. १५ लिटरला निभावून नेतील, पण खुशीने नाही. दार लहान, तळाशी, दक्षिणेकडे तोंड केलेलं आणि जमिनीपासून उंच. यातल्या बहुतेक अटींचं कारण तिथला हिवाळा आहे. पंधरा-वीस किलो मध साठला नाही तर बर्फ वितळेपर्यंत वसाहत जगत नाही.

बोटाच्या पेराएवढी माशी अंधाऱ्या ढोलीचं आकारमान मोजते कशी? सीलींनी एक गोल खोली बनवली, जिची भिंत बाहेरून फिरवता येई. टेहळणीची माशी आत शिरून भिंतीवरून चालू लागली की भिंत तिच्या उलट दिशेने फिरवायची. बिचारी जास्त चालायची आणि छोट्या खोलीला मोठी समजायची. भिंत तिच्याबरोबर फिरवली की फेरी लवकर पुरी व्हायची आणि तीच खोली तिला लहान वाटायची. म्हणजे ती पायांनी मोजते. पहिल्या भेटीत अर्धा-पाऊण तास ती आत-बाहेर करते, भिंतींवरून फिरते, मधेच छोटी उडी मारून दुसऱ्या भिंतीवर जाते. फ्लॅट बघायला गेल्यावर आपण हॉलमध्ये उभे राहून "छान आहे" म्हणतो, त्याच्या कैक पट जास्त वेळ.

खरी परीक्षा घ्यायची तर अशी जागा हवी जिथे प्रयोगाच्या खोक्यांखेरीज दुसरं घरच नाही. मेन राज्याच्या किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर अ‍ॅपलडोर नावाचं खडकाळ, जवळपास झाडं नसलेलं बेट आहे. तिथे समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटात सीलींनी माश्यांचे थवे आणले. पाच खोकी मांडली: चार १५ लिटरची, एक ४० लिटरचं. पाच वेळा प्रयोग केला आणि पाचपैकी चार थव्यांनी ते एकमेव चांगलं खोकं निवडलं. मजा अशी की मोठं खोकं पहिल्यांदा सापडलं म्हणून जिंकलं, असंही नव्हतं. मागून येऊनही ते पुढे गेलं. आपल्याकडे जो पहिला बोलतो त्याचाच मुद्दा इतिवृत्तात चढतो.

हे साधतं कसं, त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. दहाएक हजारांच्या थव्यात जागा बघायला जाणाऱ्या माश्या जेमतेम काहीशे. बाकीच्या हजारो नुसत्या लटकून राहतात, शक्ती वाचवतात. या काहीशेंपैकी प्रत्येक जण आपण बघितलेल्या जागेच्या लायकीप्रमाणे नाचते. समजा, ४० लिटरचं घर बघून आलेली पहिल्या फेरीत ९० वेळा रेघ ओढते आणि सुमार ढोली बघून आलेली ३० वेळा. मग दोघी पुन्हा जागा बघून येतात आणि पुन्हा नाचतात, पण दर फेरीला सुमारे १५ रेघा कमी. जागा तीच, दर्जा तोच, तरी हुरूप कमी होत जातो. चांगल्या घराची माशी ९०, ७५, ६०, ४५, ३०, १५ असं करत ३१५ रेघा ओढून थांबते. सुमार घरवाली ३० आणि १५, एकूण ४५ मध्ये गप्प. पहिल्या फेरीत तिप्पट असलेला फरक शेवटी सातपट होतो. शिवाय कुणीही कायम एकाच जागेला चिकटून राहत नाही. नाचून झालं की माशी आपलं म्हणणं सोडून देते. तिला कुणी हरवलेलं नसतं. तिचा जोर आपोआप ओसरतो आणि नव्याने बघून आलेल्यांना वाव मिळतो.

आणि दुसरी गोष्ट, जी मला त्याहून मोठी वाटते. नाच बघणारी माशी नाचावर विश्वास ठेवून लगेच नाचू लागत नाही. नाचातून तिला फक्त पत्ता मिळतो. ती स्वतः उडून जाते, स्वतः भिंतीवरून चालते, स्वतः मोजते आणि मगच परत येऊन स्वतःच्या मापाने नाचते. ऐकीव शिफारस थव्यात चालत नाही. एखादीने सुमार जागेचा उगाच गाजावाजा केला तरी तिच्या नाचावरून गेलेल्या सगळ्या जणी ती जागा बघून थंड नाचतील आणि चूक तिथेच विरून जाईल.

मग लिंडाउअरच्या थव्यासारखी कोंडी का होत नाही? किंवा क्वचितच का होते? याचं उत्तर यायला २०१२ साल उजाडलं. दोन खोकी अगदी सारखी ठेवली. एकीकडे गेलेल्या माश्यांना पिवळा ठिपका, दुसरीकडे गेलेल्यांना गुलाबी. मग नाचणाऱ्या माशीजवळ छोटा मायक्रोफोन धरला. पिवळी नाचत असताना गुलाबी येऊन तिला डोक्याने धक्का देत होती आणि त्याच क्षणी एक बारीक, क्षणभराचा 'टूं' आवाज काढत होती. असे धक्के पुरेसे बसले की पिवळी नाच थांबवायची. धक्के मारणाऱ्या बहुतेक दुसऱ्या खोक्याच्या पाठीराख्या होत्या. निवड पक्की झाल्यावर मात्र धक्के सगळ्यांनाच बसू लागले, कारण आता नाच थांबवून उडायची वेळ झालेली असते. या अभ्यासात गणिताचं काम करणारी मंडळीही होती आणि त्यांच्या लक्षात आलं की माकडाच्या मेंदूत दोन पर्यायांतून एक निवडताना पेशींचे दोन गट एकमेकांना असेच दाबत असतात. ठिपके डावीकडे सरकताहेत की उजवीकडे, हे ठरवणारा मेंदू आणि ढोली ठरवणारा थवा यांचं यंत्र एका घाटाचं निघालं.

*

अजून एक गैरसमज काढायला हवा. सगळ्या नाचणाऱ्यांचं एकमत झालं की थवा उडतो, असं लिंडाउअरला वाटलं होतं. पण सीली आणि त्यांचे सहकारी कर्क व्हिशर यांनी पाहिलं की कधी कधी गोळ्यावर दोन्ही बाजूंचे नाच चालू असतानाच उडायची तयारी सुरू होते. म्हणजे मोजणी गोळ्यावर होतच नाही. ती होते नव्या घराच्या दारात. एखाद्या जागी एकाच वेळी २०-३० माश्या दिसल्या की तिथे असलेल्यांना तेवढं पुरतं. त्यांनी एक सुंदर प्रयोग करून हे पक्कं केलं. एका खोक्याच्या जागी शेजारी शेजारी पाच खोकी ठेवली. माश्या तेवढ्याच, पण पाच दारांत विभागल्या गेल्या. कुठल्याच दारात गर्दी जमेना आणि उड्डाण लांबलं. गणसंख्या, एवढा एकच शब्द आपल्या सभांमधून त्यांच्याकडे नेता येतो.

गणसंख्या जमली की त्या माश्या गोळ्याकडे परततात आणि गर्दीत घुसून एक उंच सुराची शीळ घालत फिरतात. शीळ ऐकणाऱ्या माश्या पंख न हलवता उडायचे स्नायू थरथरवून अंग तापवतात. सगळ्यांचं अंग ३५ अंशांच्या घरात पोहोचलं की काही माश्या गोळ्यातून धडपडत, भणभणत पळू लागतात आणि मिनिटभरात गोळा सुटतो. दहाएक मीटर लांबीचा ढग तयार होतो. त्यातल्या फक्त काही टक्क्यांना घर ठाऊक. त्या ढगाच्या वरच्या भागातून बाणासारख्या सरळ जातात, खालून मागे येतात आणि पुन्हा सरळ जातात. बाकीच्या हजारो त्यांच्या मागे.

घर बघितलेलीने सांगायचं, सांगितलेलीने स्वतः बघायचं, आणि बघितलेल्या पुरेशा झाल्या की निघायचं. यातली मधली पायरी काढून टाकली तर काय होतं, तेही निसर्गात दिसतं. ब्रिटिश गयानाच्या जंगलात निसर्ग-अभ्यासक विल्यम बीब यांना लष्करी मुंग्यांचं एक रिंगण दिसलं होतं. त्यांनी त्याबद्दल १९२१ मध्ये लिहिलं. या मुंग्या जवळजवळ आंधळ्या. पुढच्या मुंगीच्या गंधामागे मागची, एवढाच नियम. रांगेचं तोंड कसंतरी तिच्याच शेपटाला लागलं. जवळपास ३६५ मीटर परिघाचं वर्तुळ. एका मुंगीला फेरीला अडीच तास. मुंग्या चालत राहिल्या, बहुतेक जणी मरेपर्यंत. नियम सगळ्या पाळत होत्या. एकीनेही थांबून पाहिलं नाही, कारण पाहण्याची सोयच त्यांच्यात नाही.

आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीची गळती तीन सर्वसाधारण सभांत चर्चेला आली. अध्यक्ष म्हणाले गळती जोडाजवळ, दोघांनी मान डोलावली, मग सगळ्यांनीच. जोड बदलला, गळती तशीच. गच्चीवर चढून टाकी कुणी पाहिलीच नव्हती, मीसुद्धा. टाकीच्या खालच्या अंगाला चीर आहे, हे शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या शाळकरी मुलीने पतंग काढायला चढल्यावर सांगितलं.

*

माश्यांच्या राज्यात राणी मुकी असते हे ऐकल्यावर कुणी म्हणेल, पण गांधीलमाश्यांचं काय? त्या तर भांडखोर. तिथे तरी राणी दंडेली करत असणार. याचं उत्तर बंगळुरूत आहे.

राघवेंद्र गदगकर यांनी पीएचडी रेणवीय जीवशास्त्रात केली. पण कॉलेजच्या दिवसांपासून त्यांचा जीव अडकला होता तो इमारतींच्या खिडक्यांना लागलेल्या कागदी पोळ्यांत. रोपॅलिडिया मार्जिनाटा ही आपल्याकडची साधी गांधीलमाशी. भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी तिच्यावर काही दशकं काम केलं; १९९७ चं त्यांचं 'सर्व्हायव्हल स्ट्रॅटेजीज' हे पुस्तक आणि २००१ चा मोठा ग्रंथ हार्वर्डने काढले. दुसऱ्या देशांतल्या अशा माश्यांत राणी सगळ्यांना चावून, ढुशा देऊन ताब्यात ठेवते. या माशीत उलटं. राणी पोळ्यावरची सगळ्यांत मवाळ बाई. तिला बाजूला काढली तर मात्र काही मिनिटांत एक कामकरी माशी एकदम तडकते आणि सगळ्यांवर धावून जाऊ लागते. राणी परत ठेवली की ती पुन्हा शांत. नाही ठेवली, तर ही तडकलेलीच काही दिवसांत अंडी घालू लागते आणि हळूहळू तिचाही आवाज खाली येतो.

वारस कोण होणार, हे आधी ओळखता येईल का? वय, आकार, भांडखोरपणा, काहीच खुणेचं निघालं नाही. माणसांना ओळखता येईना. मग प्रश्न वळवला: माश्यांना ओळखता येतं का? अनिंदिता भद्रा आणि गदगकरांनी २००८ मध्ये छापलेला प्रयोग असा. पोळ्याचे दोन तुकडे करून मधे जाळी, राणी एका बाजूला. राणी नसलेल्या बाजूला एक तडकते. मग राणी उचलून त्या बाजूला ठेवायची. तडकलेली खरी वारस असेल तर राणीने सोडलेल्या बाजूला आता दुसरी कुणी तडकणार नाही, तिलाच मान्यता राहील, हे पाहायचं. काही वेळा उलट झालं: राणी गेलेल्या बाजूला नवीच एक तडकली आणि पहिलीला तिच्यासमोर आणलं तर पहिलीने मुकाट जागा सोडली. दोघींत लढाई झालीच नाही. म्हणजे नंबर आधीच ठरलेला होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता, फक्त बघणाऱ्या शास्त्रज्ञाला नाही. कसा ठरतो, याचं कोडं या माशीने बराच काळ धरून ठेवलं.

इथे 'माश्यांनी ठरवलं' असं म्हणताना जपून बोलावं लागतं. ढोली शोधणाऱ्या थव्यात निवड डोळ्यांसमोर घडते. गांधीलमाशीत ती कधी घडली हेच कळत नाही. समोर येतो तो निकाल.

मोठ्या जनावरांत काय? केनियातल्या म्पाला संशोधन केंद्रात बबून माकडांच्या एका कळपातल्या २५ जणांच्या गळ्यात दर सेकंदाला जागा नोंदवणारे पट्टे घातले. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. थोराड, वरचढ नराच्या मागेच कळप जातो, असं दिसलं नाही. दोघे वेगवेगळ्या दिशांना निघाले आणि त्यांच्यातला कोन कमी असला, तर बाकीचे मधल्या वाटेने जातात. कोन काटकोनाहून मोठा झाला, की एकीकडे झुकतात, आणि बहुधा जिकडे जास्त जण निघालेत तिकडे. बोट्स्वानातल्या रानकुत्र्यांबद्दल २०१७ मध्ये जे कळलं ते वाचून मी मोठ्याने हसले. ते शिकारीला निघायचं की नाही हे शिंकून ठरवतात. कळपातला मानाचा नर किंवा मादी उठली असेल तर तीन शिंका पुरतात. हलक्या पायरीच्या कुत्र्याने उठाव केला तर दहा लागतात. मानाचं वजन आहे. पण शिंका त्यालाही लागतातच.

*

सीली कॉर्नेलमध्ये आपल्या विभागाचे प्रमुख झाले तेव्हा माश्यांकडून शिकलेलं सभांमध्ये वापरू लागले: प्रमुखाने आपलं मत सुरुवातीला सांगायचं नाही, मतदान गुप्त. २०१० च्या 'हनीबी डेमॉक्रसी' या पुस्तकात त्यांनी ते सविस्तर लिहिलं आहे. मला त्यात अर्धंच पटतं. थव्यातल्या सगळ्या जणी एका आईच्या लेकी. घर चांगलं मिळालं तर सगळ्या जगणार, वाईट मिळालं तर सगळ्या थंडीत मरणार. एखादीचा त्या ढोलीच्या शेजारी प्लॉट नसतो. माणसांच्या सभेत जो तो आपलं काहीतरी खिशात घेऊन येतो, आणि त्यावर माशीकडे उपाय नाही. तिच्याकडून घेण्यासारखं आहे ते गच्चीवर चढून टाकी बघण्यापुरतं. ते मात्र पुष्कळ आहे.

दुसरी मर्यादा आपल्या इथली. थव्यांवरचे हे सगळे प्रयोग युरोपी माशीवर, बर्फाच्या प्रदेशात झाले. आपल्या सातेरीला ढोली लागते, पण वसाहत लहान आणि ४० लिटरचा अट्टाहास नाही. फुलोरी माशी उघड्या फांदीवर छोटं पोळं बांधते. आग्या कडेकपारीला, उंच झाडांना, आता इमारतींच्या सज्जांना. ज्यांना ढोलीच लागत नाही, त्यांना एका भोकावर एकमत करायची गरजही तशी नाही. स्वतः लिंडाउअर हे बघायला १९५० च्या दशकात श्रीलंकेला आला होता. फुलोरी माशी पोळ्याच्या वरच्या सपाट भागावर, उघड्यावर, जागेकडे थेट तोंड करूनच नाचते, हे त्याने तिथे पाहिलं. भारतातल्या तीन जातींचे नाच बंगळुरूच्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये शेजारी ठेवून मोजले, तेव्हा एकाच अंतरासाठी तिघींच्या रेघेची लांबी वेगळी निघाली. सातेरी एखाद्या किलोमीटरच्या आतच चरते म्हणून तिची बोली बारकाव्याची. तीन किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या आग्याची ऐसपैस. महाबळेश्वरजवळचं मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. सातेरीचे थवे घर कसं ठरवतात, याचा सीलींसारखा चिवट अभ्यास करायला त्या डोंगरासारखी जागा नाही.

त्या सकाळी काकांनी टोपली गोळ्यावर धरायची तयारी केली तेव्हा मीच म्हणाले, "काका, थोडं थांबता का? ठरतंय कसं ते बघू." ते मनातून नाखूश होते. ठरायच्या आत धरलं तर थवा पेटीत नांदतो, ठरल्यावर धरलं तर उद्या पेटी सोडून जातो, हा त्यांचा अनुभव. तरी थांबले. साडेअकराला देवळाकडची रेघ ओढणारी शेवटची माशी गप्प झाली. बाराच्या सुमारास गोळ्यातून ती उंच शीळ येऊ लागली. कान जवळ नेल्यावर मलाही ऐकू आली. काका म्हणाले, "गेलं," आणि टोपली खाली ठेवली. पुढच्या काही क्षणांत फांदी मोकळी झाली. अण्णांचा नातू ओढ्याच्या दिशेने पळत सुटला. त्याच्या हातात डिझेलची बाटली तशीच होती.

तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. ओढ्याकाठच्या उंबराच्या ढोलीत, पुरुषभर उंचीवर, नव्या पोळ्याची पांढरी कड दिसतेय. काकांना त्या थव्याचे पैसे मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत.

माघ-फाल्गुनात पोळी पुन्हा फुटतील. तुमच्या अंगणात, गॅलरीत, पार्किंगच्या गुलमोहरावर असा गोळा लटकलेला दिसला तर चूड लावू नका, फवारा मारू नका, पाणी सोडू नका. जवळच्या मधपाळाला फोन करा. तो येईपर्यंत पोरांना हातभर नव्हे, चार हात लांबून बघू द्या. आग्या असेल तर तेवढंही जवळ जाऊ नका. सातेरी असेल तर काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत, त्यांचं ठरेल आणि त्या जातील.